जसे आहे, जेथे आहे

आमच्या सोफा-कम-बेडची जाहिरात मुळात एका ओळीची होती. ‘सोफा-कम-बेड विकणे आहे. स्थिती उत्तम.’ जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकण्याआधी मी ती मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवली.

“उत्तम?” ती म्हणाली. “अहो, गेल्या दिवाळीत दादा निजला तो बेडवर आणि उठला तो सोफ्यात. त्याला बाहेर काढायला वॉचमन बोलवावा लागला.”

मी ‘उत्तम’ खोडून ‘चांगली’ लिहिलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी ‘चांगली’ खोडून ‘बरी’ लिहिलं. तरी ती पाहतच होती, तेव्हा स्थितीचा विषय सोडून मी अटींकडे वळलो.

त्या सोफ्याला दोष असा एकच. डाव्या बाजूची खटकी लागत नाही. म्हणजे लागते, पण तिची एक पद्धत आहे. उजव्या गुडघ्याने पाठ दाबून धरायची, डाव्या हाताने गादी उचलायची आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत कोणाशीही बोलायचं नाही. आवाज दोनदा आला तर खटकी लागून परत सुटली असं समजायचं आणि झोपणाऱ्याला काही न सांगता दिवा मालवायचा. आमच्या घरात हे सगळ्यांना येतं. बाहेरच्याला ते लेखी कसं शिकवायचं, हा प्रश्न होता.

मुलगी म्हणाली, “बाबा, खटकीचं लिहू नका, कोणी येणार नाही.” बायको म्हणाली, “लिहा, नाहीतर नेणारा परत येईल.” मला दोन्ही नको होतं. माणसाने यावं, सोफा न्यावा आणि पुन्हा कधी येऊ नये, एवढीच माझी व्यापारनीती.

रात्री जागून मी मसुदा केला. फोटोत दिसणारा रंग ट्यूबलाइटचा असून सोफ्याचा वेगळा आहे. उजव्या हातावरचा डाग चहाचा आहे व तो वाढत नाही. खटकीस सवय लागते. फोटोत सोफ्यावर दिसणारी उशी, मांजर आणि पेपर वाचणारे गृहस्थ विक्रीसाठी नाहीत. (“शेवटच्या वस्तूबद्दल मला विचारायला हवं होतं,” इति बायको.) आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत: ‘एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला अथवा दिला जाणार नाही.’ त्यातलं ‘अथवा दिला’ नुसतं वजनासाठी होतं. वाक्यात ‘अथवा’ आला की ते सरकारी वाटतं आणि सरकारशी कोणी घासाघीस करत नाही.

मग पेपरात बँकेच्या लिलावाची नोटीस दिसली. थकलेल्या कर्जापायी जप्त केलेले फ्लॅट बँका ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर विकतात. काय शब्दयोजना आहे! छत गळतंय, आत भाडेकरू बसलाय, खालच्याशी पाण्यावरून कोर्टात केस चालू आहे, सगळं त्या चार शब्दांत मावतं. मी ते तत्त्व सोफ्याला लावलं. तासाभरात एकाचा मेसेज आला, “जेथे आहे म्हणजे? बसायला तुमच्याकडे यायचं का?”

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वकीलकाका राहतात. त्यांनी कोर्ट सोडून बरीच वर्षं झाली, पण जिन्यात भेटलेल्या माणसाची उलटतपासणी अजून सुटलेली नाही. फोन हातभर लांब धरून त्यांनी माझ्या अटी वाचल्या.

“व्यापारी आहेस का तू?”

“नाही हो काका.”

“मग ही दुकानदारी भाषा कशाला? दुकानात ती पाटी असते ना, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वाच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी लावून काय होतंय? पण तो कायदा व्यापाऱ्याला. घरातला सोफा विकणाऱ्या तुझ्यासारख्याला माल विक्री कायदा, सन १९३०.”

म्हणजे ज्या साली गांधीजी दांडीला मीठ उचलत होते, त्याच साली कोणीतरी शांतपणे बसून माझ्या सोफ्याची सोय करत होतं. मी भारावलो. पण काका तेवढ्यावर थांबणारे नव्हते. “त्याच्याही आधी करार कायदा. १८७२. कलम सतरा. त्यात घोडा आहे.”

घोडा खरंच आहे. काकांनी मला आत नेऊन पुस्तकात दाखवला. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा धडधाकट नाही हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. फसवणूक झाली का? नाही. आता घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग मात्र सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा ठीक आहे असं मी धरून चालेन,” आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलण्यासारखंच.

“थोडक्यात,” काका म्हणाले, “विचारेपर्यंत गप्प बस, विचारलं की खरं बोल आणि मुलीला विकू नकोस.”

हे कलम लिहिणाऱ्या साहेबाला आपलं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक असणार. कारण आपल्याकडे जुनी वस्तू घेणारा माणूस वस्तू बघण्याआधी, चप्पल काढण्याआधी, पहिलं वाक्य तेच बोलतो: “काही प्रॉब्लेम नाही ना?” आणि विकणारा काही बोलत नाही, नुसता हसतो. त्या हसण्याचं काय करायचं, हे १८७२ साली कोणाला सुचलं नसावं.

लिहून झालं तरी मन निश्चिंत होईना, म्हणून इतरांच्या जाहिराती वाचायला बसलो. त्या वाचून माझी अशी समजूत झाली आहे की महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस या घटकेला घर बदलतो आहे. फ्रिज का विकताय? शिफ्टिंगमुळे. सायकल? शिफ्टिंगमुळे. कुत्र्याचं घर? तेही शिफ्टिंगमुळे. कुत्रा मात्र तिथेच राहणार असावा. जुन्या गाड्या तर एकजात डॉक्टरांनी वापरलेल्या. इतके डॉक्टर इतक्या गाड्या इतक्या कमी चालवत असतील तर ते पेशंटकडे जातात कसे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ‘किरकोळ काम आहे’ म्हणजे इंजिन नाही. ‘वर्किंग कंडिशन’ म्हणजे प्लग लावला की आवाज येतो. ‘घेतल्यापासून वापरलाच नाही’ हे व्यायामाच्या यंत्राबद्दल लिहिलेलं असतं आणि एवढं एकच विधान मी डोळे झाकून खरं मानतो. ‘किंमत ठाम’ याच्या पुढच्याच ओळीत ‘थोडंफार बघू’.

या जाहिराती लिहिणाऱ्यांना मी खोटारडे म्हणत नाही. आपल्याला आपलीच वस्तू विकायला काढली की एकाएकी आवडायला लागते, एवढंच. वर्षानुवर्षं ज्या सोफ्याला मी अडगळ म्हणत आलो, त्याला एका अनोळखी माणसाने ‘जुना आहे’ म्हटल्यावर मी इतका दुखावलो की बायकोने मला पाणी आणून दिलं.

पूर्वी हा सगळा व्यवहार दारात व्हायचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. आई जुनी साडी काढून द्यायची, ती बोहारीण मांडीवर पसरायची, खालून हात घालून बोटं फाकवायची आणि उजेडाकडे धरायची. जिथे विरलेलं असेल तिथे बोटांचा रंग दिसायचा. बोलायची काहीच नाही, नुसती आईकडे बघायची. आई म्हणायची, “काठ बघ की! काठ नवा आहे.” ती काठ बघायची, साडी घडी करून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, “ताई, एक पँट टाका वर.” मग वडिलांच्या पँटवर चर्चा. पातेलं एकदा आत गेलं आणि साड्या एकदा गाठोड्यात गेल्या की विषय संपला. पातेल्याला पोचा निघाला तर पुढच्या खेपेला तिला ऐकवायचं. तिने ते ऐकून घ्यायचं आणि आणखी एक पँट मागायची. परताव्याचं धोरण म्हणून मला अजून याहून बरं काही सापडलेलं नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरून बघा, किंवा मुंबईत मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात. तिथे कोणी अटी लिहीत नाही. ‘रेडिओ चालतो का?’ असं विचारलं तर विक्रेता तुमच्याकडे बघतो, त्यात सगळ्या अटी येतात. आता घेणारा बसतो दुसऱ्या शहरात, विकणारा बसतो फोनमागे, बोटं घालायला साडी हातात येत नाही. म्हणून मग शब्द वाढतात.

आणि ते वाचत कोणीच नाही. माझी जाहिरात स्क्रीनवर अंगठ्याने चार वेळा सरकवावी लागे एवढी लांब झाली होती. एक मेसेज आला, “लास्ट किती?” नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुसरा, “लास्ट?” तिसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. एकाने विचारलं, “फक्त बेड देणार का?” एकाला सोफ्याच्या बदल्यात फिश टँक द्यायचा होता, मासे धरून. एकाने खालून फोटो मागितला. मी जमिनीवर आडवा होऊन, मोबाइल सोफ्याखाली सरकवून फोटो काढला, धूळ झटकत उठलो, पाठवला. त्याचं उत्तर आलं, “थँक्स. आम्हाला एल शेप हवा होता.” आणि एका बाईंनी लिहिलं, “मांजर पर्शियन आहे का? लास्ट किती?”

एक फोन मात्र फार आदराचा आला. गृहस्थ स्वतःला फौजी म्हणवत होते. बदली झाली आहे, सोफा न बघताच पसंत आहे, घासाघीस करणार नाही, पैसे आगाऊ पाठवतो. फक्त पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि पिन टाकायचा. मी हरखून पिन आठवायला लागलो. बायकोने फोन काढून घेतला. “पैसे घ्यायला पिन लागत नाही,” तिने त्यांना सांगितलं, “द्यायला लागतो.” फोन बंद झाला. नंतर ती मला म्हणाली, “न बघता पसंत म्हणाला तेव्हाच कळायला हवं होतं. आपला सोफा न बघता कोण पसंत करेल?”

ज्यांच्याकडे अखेर सोफा गेला ते कल्याणचे एक गृहस्थ. पत्री पुलावर अडकले होते म्हणून उशिरा आले. येताना बायको, मेहुणा आणि सल्ला द्यायला एक शेजारी. सोफ्याकडे कोणी बघेना. गृहस्थांनी आमचा टीव्ही बघितला, देवघर बघितलं, गाव कुठलं विचारलं. मी कोकणातलं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पाणी प्यायले. मी अटींचा प्रिंटआउट काढून ठेवला होता, तो वाचायला सुरुवात केली.

“साहेब,” ते म्हणाले, “वस्तू काय बघायची? माणूस बघून वस्तू घ्यायची असते.”

“तरीपण खटकीचं ऐकून घ्या. ती लागत नाही.”

“बघू.”

मी गुडघा टेकवला, गादी उचलली आणि खटकी पहिल्या फटक्यात लागली. मी ती सोडवून पुन्हा लावून दाखवली. पुन्हा लागली. मेहुण्याने लावली, लागली. शेजाऱ्याने तर एका हाताने, चहाची कपबशी दुसऱ्या हातात धरून, लावली. इतक्या वर्षांत त्या सोफ्याने माझं असं नाव कधी राखलं नव्हतं. गृहस्थांच्या पत्नींचा चेहरा मात्र बदलला. “इतका चांगला आहे,” त्या हळूच म्हणाल्या, “तर विकताय का?”

याला उत्तर नसतं. वस्तू चांगली आहे म्हणावं तर विकता का, आणि वाईट आहे म्हणावं तर आम्ही का घ्यावी? जगातला सगळा जुना बाजार या दोन प्रश्नांच्या फटीतून चालतो. मी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणालो, “शिफ्टिंग.”

आतून बायको खोकली.

सौदा ४,५०० रुपयांवर तुटला. सोसायटीचा गेटपास, छोटा हत्ती, जिन्याच्या वळणावर अडकलेला सोफा आणि त्याच्या पलीकडे अडकलेले वकीलकाका, हे सगळं रीतसर झालं. दारात मी शेवटची अट ठणकावून सांगितली. “परत घेतला जाणार नाही हं.” गृहस्थ हात जोडून म्हणाले, “परत कशाला देऊ साहेब? ओळख झाली आता.”

त्या ओळखीचा अर्थ मला रात्री कळला.

“साहेब, खटकी लागत नाही.”

“गुडघा टेकवलात?”

“कुठला?”

“उजवा.”

“उजव्याचं ऑपरेशन झालंय.”

व्हिडिओ कॉलवर मी माझ्या दिवाणखान्यात, सोफा नसलेल्या जागी, गुडघा टेकवून दाखवला. तिकडे त्यांच्या मुलाने टेकवला. ‘खट्’ झालं. दोन्ही घरांत टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी फोन, सोफ्याच्या फटीत एक चष्मा सापडला, तुमचा का? मग टीव्हीचा रिमोट. मग एक पत्ता, जोकर, ज्याच्यावाचून आमचा कॅट कितीतरी वर्षं बावन्न पत्त्यांत चालला होता. (जोकर कॅटमध्ये लागत नाही असं मुलगी म्हणते, पण मग तो सोफ्यात काय करत होता?) पुढे फोन सोफ्याचे राहिलेच नाहीत. डोंबिवलीत चांगला डेंटिस्ट कोण? भाचीला मुलगा सांगून आलाय, तुमच्या भागातला आहे, जरा चौकशी कराल का? सत्यनारायणाला सहकुटुंब या, प्रसाद सोफ्यावर बसूनच घेऊ.

नव्या वस्तूंच्या दुकानांनी लोकांना सवय लावली आहे. बूट तीन मापांचे मागवायचे, दोन परत पाठवायचे, कारण म्हणून ‘इतर’वर बोट ठेवायचं. माझी बायको त्यात पटाईत आहे. पडदे भिंतीला लावून, पाहुण्यांना दाखवून, पाहुणे गेल्यावर परत पाठवलेले मी पाहिले आहेत. पण जुन्या वस्तूत परतीचं बटण नसतं. तिथे विकणाऱ्याचा नंबर असतो, आणि घेणारा तो ‘सोफावाले साहेब’ म्हणून सेव्ह करून ठेवतो.

तेवढ्यात दिवाळी आली आणि दादाचा फोन आला, येतोय म्हणून. बायको म्हणाली, “या वेळी खाली गादी घालू रे.”

“गादी कशाला? तो सोफा आहे ना?”

“विकला.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दादा दुखऱ्या स्वरात म्हणाला, “अगं, त्या रात्री मी त्यात मिटलो ना, तेव्हापासून माझी कंबर मोकळी झाली. डॉक्टरला जमलं नव्हतं वर्षभर. मी मुद्दाम त्याच्यासाठी येणार होतो.”

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. तिच्या भावाची कंबर मी साडेचार हजाराला विकली होती. मी मुकाट्याने कल्याणला फोन लावला, तब्येत विचारली, भाचीचं विचारलं आणि म्हटलं की, तो सोफा आठ दिवसांपुरता मिळाला तर बरं होईल. वाटल्यास पैसे परत घ्या.

“साहेब, दिला असता हो,” ते फार प्रेमाने म्हणाले. “पण तुमचीच अट आहे. थांबा, प्रिंटआउट इथेच आहे. ‘कोणत्याही कारणास्तव परत घेतला अथवा दिला जाणार नाही.’”

माझी जाहिरात शेवटपर्यंत वाचणारा महाराष्ट्रात एक तरी माणूस निघाला, याचा आनंद मला नीट घेता आला नाही.

त्याच आठवड्यात बायको ओरडली, “अहो, हे बघा.” ॲपवर आमचा सोफा होता. किंमत ६,५०० रुपये. खाली माझाच मजकूर, काना-मात्रा न बदलता: ट्यूबलाइटचा रंग, न वाढणारा डाग, सवय लागणारी खटकी, जसे आहे जेथे आहे. एवढंच नव्हे, उशी, मांजर आणि पेपर वाचणारे गृहस्थ विक्रीसाठी नाहीत, हेही तसंच. भर घातली होती ती फक्त एका अटीची. ‘पहिल्या मालकांनी कृपया फोन करू नये.’

बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली, मुलीचा फोन घेतला आणि तिच्या नावाने मेसेज टाकला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“लास्ट किती?”

“सहा फायनल, मॅडम.”

“काही प्रॉब्लेम नाही ना?”

“अजिबात नाही मॅडम. सिंगल ओनर. डॉक्टरांनी वापरलेला आहे.”